ताईने पकडलेला चोर

भोपाळ
२ फेब्रुवारी १९५८

ती. ताई,

पाया पडतो. तुझं कार्ड मिळालं. प्रमोदिनीच्या लग्नाला तू आठ दिवस आधी येणार हे ऐकून कमलला इतका धीर आला की विचारू नकोस. पहिलीच लेक उजवायची, आणि या भोपाळात आपलं म्हणावं असं कोण आहे आम्हाला!

मला मात्र एकच काळजी लागली आहे. तुझ्या पाटल्या आणि आईची मोहनमाळ तू एकटी घेऊन येणार. मी न्यायला आलोच असतो, पण आमच्या बड्या बाबूंनी साफ सांगितलं, लग्नाची छुट्टी हवी असेल तर आत्ता एक दिवससुद्धा मिळणार नाही. राजधानी इकडे आल्यापासून फायलींच्या ढिगाखाली टेबल दिसत नाही.

तेव्हा आता लिहितो ते नीट वाच आणि हसू नकोस. इंदूर ते उज्जैन छोट्या लाइनच्या गाडीत फारसं भय नाही, आपलेच लोक असतात. खरा खतरा उज्जैनला, गाडी बदलताना. बदलीवर येताना माझ्या खिशातलं बाबांचं घड्याळ त्याच फलाटावर साखळीसकट गेलं, हे तुला माहीत आहेच. एक जरासा धक्का लागला, मागे वळून बघतो तर एक किडकिडीत माणूस ‘माफ करना भिया’ म्हणत भीडमध्ये गायब. इतकं सफाईचं काम!

दागिने ट्रंकेत ठेवू नकोस, ट्रंक हमालाच्या डोक्यावर जाते. हातातल्या पिशवीत तर मुळीच नको. जाड मांजरपाटाची पुरचुंडी शिव आणि कमरेला बांध. पण शेवटपर्यंत तिथेच ठेवू नकोस. बायका कमरेला बांधतात हे त्या लोकांना पाठ असतं, आणि आपला हात सारखा तिकडे जातो तेच ते बघत असतात. उज्जैन यायच्या आधी जागा बदल. मलासुद्धा सुचणार नाही अशी जागा शोध. आणि कोणी अंगाशी आलं तर शरमू नकोस, जोरात ओरड. मी ओरडलो नाही, म्हणून बाबांची वस्तू गेली.

तुझा
श्रीपाद


छत्रीबाग, इंदूर
७ फेब्रुवारी १९५८

चि. श्रीपाद,

सुखी राहा. सहावीच्या मुलींनाही मी इतका गृहपाठ देत नाही रे! तरी सगळा केला. पुरचुंडी शिवली, दुहेरी टीप मारली, कमरेला बांधून घरभर फिरून पाहिलं. बसताना टोचते, पण ठीक आहे.

एक खरं सांगू? तुझं पत्र आल्यापासून मला जो तो बदमाश दिसायला लागलाय. काल सराफ्यातून येताना एक म्हातारा माझ्याबरोबर चालत राहिला, तर मी दोन गल्ल्या वळसा घालून घरी आले. बिचारा नदीवर चालला असेल.

हे गेल्यावर त्या पाटल्या हातात घातल्या नाहीत मी. अकरा वर्षं पेटीत पडल्या आहेत. प्रमोदिनीच्या हातात दिसल्या की बरं वाटेल. म्हणूनच भीती वाटते. माझं काही गेलं तर जाऊ दे, पण हे तिचं आहे.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. शेवेचा मोठा डबा आणते आहे, भोपाळची शेव तुम्हाला आवडत नाही म्हणे.

तुझी
ताई


भोपाळ
९ मार्च १९५८

ती. ताई,

लग्नाच्या धबडग्यात तुझ्याशी दोन शब्द धड बोलता आले नाहीत, आणि तू तर वरात परतली तशी लगेच गाडी पकडलीस. प्रमोदिनी मांडवपरतणीला आली तर ‘आत्या कुठे’ म्हणून रडायला बसली. शाळा काय पळून जाणार होती का?

पण तुझी कीर्ती इथे मागे राहिली आहे बरं. ‘ताईने उज्जैनला चोर पकडला’ ही बात आता आमच्या अख्ख्या ऑफिसात झाली आहे. मी थोडा मसाला घातला, खोटं कशाला बोलू. तू त्याचं मनगट पकडून ठेवलंस असं सांगतो मी. बडे बाबू म्हणाले, “श्रीपादजी, ऐसी बहन सबको मिले.” प्रमोदिनीच्या सासऱ्यांना तर किस्सा इतका आवडला की येईल त्या पाहुण्याला तिच्या हातातल्या पाटल्या दाखवून ते तो सांगतात.

तू मात्र लग्नात कोणी विचारलं की उठून जात होतीस. सगळे म्हणाले, बाई लाजते. मी म्हणालो, प्रवासाने थकली आहे. तब्येत बरी आहे ना? दोन ओळी टाक.

तुझा
श्रीपाद


छत्रीबाग, इंदूर
१६ मार्च १९५८

चि. श्रीपाद,

माझी तब्येत बरी आहे. बाकी काही बरं नाही. हे पत्र तू एकट्याने वाच.

मी चोर पकडला नाही. चोर नव्हताच.

तू सांगितल्याप्रमाणे उज्जैन यायच्या आधी मी जागा बदलली. डब्यातल्या बायका सामान आवरत होत्या, मी पाठमोरी होऊन पुरचुंडी सोडली आणि शेवेच्या डब्यात तळाशी दाबली. वर कागद घातला, झाकण लावलं. तोवर गाडी थांबली. दारात ही गर्दी. हमाल ट्रंक घेऊन पुढे गेला. एका हातात पिशवी, काखेत डबा, अशी मी ढकलली जात खाली उतरले. तेवढ्यात माझ्या पिशवीवर कोणाचा तरी हात दिसला. माझा हात आपसूक कमरेला गेला. कमर रिकामी.

श्रीपाद, त्या क्षणी मला डबा आठवला नाही. मला फक्त तुझा तो किडकिडीत माणूस आठवला. मी ओरडले, “चोर! पकडो! मेरा सोना ले गया!” असा आवाज वर्गातसुद्धा माझा कधी निघाला नव्हता.

लोकांना तेवढं पुरलं. कुठून कुठून धावून आले. माणूस तिशीचा होता, डोक्याचं ताजं मुंडन केलेला. पाडला त्याला. एकाने त्याच्या हातावर पाय दिला, जोड्यासकट. मग शिपाई आला आणि त्याने त्याला लोकांतून ओढून काढलं. जाता जाता तो माणूस माझ्याकडे बघून बोलला, आणि मराठीत बोलला. “बाई, पिशवीचा बंद तुटला होता. मी नुसती धरली. सांगा ना यांना.”

बंद तुटलाच होता. अजून तसाच आहे, माझ्यासमोर खुंटीला.

माझी गाडी सुटत होती. मी हमालामागे गेले. पुढे गाडीत डबा उघडला तेव्हा पुरचुंडी हाताला लागली. तुम्ही स्टेशनावर विचारलंत, “ताई, सगळं ठीक?” आणि मी म्हणाले, “चोर लागला होता, पण माल परत मिळाला.” का बोलले तसं, मलाच ठाऊक नाही. बोलले, आणि पुढचं सगळं तुम्ही बोलत गेलात.

मुंडन कशासाठी करतात हे मला कोणी सांगायला हवं का? त्याच्या घरात कोणी तरी गेलं होतं.

ताई


भोपाळ
२१ मार्च १९५८

ती. ताई,

पत्र वाचलं आणि जाळलं. तूही हे माझं जाळ.

हे बघ, तू मुद्दाम काही केलं नाहीस. एकटी बाई, अंगावर सोनं, कोणीही ओरडलं असतं. आणि तो साव होता कशावरून? उज्जैनला मुंडन केलेले छप्पन फिरतात, सगळेच काही सुतकातले नसतात. पिशवी धरली म्हणतो. धरून काय करणार होता? खरा असेल तर एव्हाना सुटूनही गेला असेल.

आता तू काही करायला जाऊ नकोस. उज्जैनला तर बिलकुल नको. तू मास्तरीण आहेस, तुझं नाव चौकीत लिहिलं गेलं तर शाळेत काय होईल? आणि प्रमोदिनीचं काय? तिच्या सासऱ्यांनी बिरादरीभर किस्सा सांगितला आहे. उद्या कळलं की आपण खोटं बोललो, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. घरात शिरून महिना नाही झाला तिला.

झालं ते झालं. देवळात काही देऊन मोकळी हो. पुन्हा हा विषय पत्रात नको.

श्रीपाद


छत्रीबाग, इंदूर
२० एप्रिल १९५८

चि. श्रीपाद,

महिनाभर तुझं ऐकलं. मग नाही राहवलं.

गेल्या रविवारी उज्जैनला जाऊन आले. चौकीत एक म्हातारा शिपाई होता, त्याला आठवत होतं. म्हणाला, “एक रात रखा, माँजी. रिपोर्ट लिखाने कोई आया ही नहीं, तो सुबह छोड़ दिया. भला आदमी था.” वहीतून त्याने नाव काढून दिलं. संताजी शेळके, इंदूर, कृष्णपुऱ्याजवळ. छापखान्यात नोकरी.

आपल्या घरापासून पायी किती लांब आहे ते तुला मी सांगायला नको. समाध्यांच्या त्या छत्र्या आहेत ना, त्यांच्या मागच्या गल्लीत त्याच्या दोन खोल्या आहेत. मी गेले तेव्हा तो घरी नव्हता. त्याची बायको प्रेमलता तांदूळ निवडत बसली होती. काय सांगावं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, शाळेच्या प्रश्नपत्रिका छापायच्या आहेत, चौकशीला आले.

ती म्हणाली, “ते आता छापखान्यात नाहीत हो. बसा ना, पाणी आणते.”

पाणी आणलं, गूळ आणला, आणि मी न विचारताच सगळं बोलायला लागली. तिला कोणाशी तरी बोलायचंच होतं. सासरे गेले, रिसाल्यातले जुने शिपाई. दहाव्याचं करायला संताजी क्षिप्रेवर गेला आणि परतीच्या गाडीला उभा होता. उजव्या हाताची दोन बोटं मोडली ती वाकडीच जुळली. तो कंपोझिटर, खान्याखान्यातून अक्षरांचे शिशाचे खिळे वेचून ओळी जुळवायचं काम त्याचं. आता चिमटीत खिळा राहत नाही. बाराव्याचे पिंड उजव्या हाताने द्यायचे, ते चुलत भावाने दिले.

“आणि नोकरी हातामुळे नाही गेली,” ती म्हणाली. “इंदूरचं कोणी तरी त्या फलाटावर होतं. त्याने येऊन मालकाला सांगितलं, तुमचा माणूस चोरीत पकडला गेला. आता गल्लीत लोक आम्हाला बघून दार लोटतात. हे म्हणतात, ती बाई मराठी होती, मी मराठीत बोललो, तिने ऐकलं आणि तोंड फिरवलं. मला तर वाटतं बाई, तिची वस्तू खरंच गेली असेल. नाही तर कोणी असं करेल का?”

तेवढ्यात गल्लीत पावलं वाजली. ती म्हणाली, “आले वाटतं.” मी उठले आणि मागच्या दाराने निघून आले. चपलाही नीट घातल्या नाहीत. पाणी मात्र प्यायले होते तिच्या हातचं.

ताई


भोपाळ
२७ एप्रिल १९५८

ती. ताई,

तीन दिवस हे पत्र लिहून फाडतो आहे. आता सरळ लिहितो.

बाबांचं घड्याळ चोरीला गेलं नव्हतं.

बदलीवर येताना उज्जैनच्या वेटिंग रूममध्ये नळावर तोंड धुतलं. घड्याळ काढून कठड्यावर ठेवलं आणि तिथेच विसरलो. गाडी सुटल्यावर आठवलं. बाबांनी शेवटच्या आजारात माझ्या हातात दिलेली वस्तू, आणि मी ती नळावर विसरलो हे कोणत्या तोंडाने सांगणार? कमलने विचारलं तेव्हा म्हटलं, खिसा मारला. तिने विचारलं, कोणी? मग माणूस आला. तिने विचारलं, तू ओरडला नाहीस? मग त्याचं ‘माफ करना भिया’ आलं. सांगत गेलो तसा तो खरा होत गेला. तुला पत्र लिहिताना तर माझाही त्यावर विश्वास बसला होता.

तो माणूस मी बनवला, ताई. आणि तू उज्जैनला त्यालाच पाहिलंस.

काल प्रमोदिनीकडे जाऊन आलो. तिच्या सासऱ्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, तुझी आणि माझी. ते म्हणाले, “मी पन्नास लोकांना सांगितलं आहे, आता त्यांना काय सांगू?” मी म्हणालो, मला माहीत नाही. प्रमोदिनी आतून ऐकत होती. निघताना तिने पाटल्या काढून माझ्यापुढे धरल्या, म्हणाली, आत्याला परत द्या. मी घेतल्या नाहीत. बरोबर केलं की चूक, समजत नाही.

तू जाशील त्याच्याकडे, मला ठाऊक आहे. मी येऊ का? छुट्टी मिळाली नाही तरी येतो.

श्रीपाद


छत्रीबाग, इंदूर
११ मे १९५८

चि. श्रीपाद,

तुझं पत्र वाचून रागवायला हवं होतं. आलाही राग, एक दिवस टिकला. पण ओरडले मी होते, तू नाही. पुन्हा कधी माझ्या वाटणीचं तू उचलायला जाऊ नकोस. प्रमोदिनीला सांग, पाटल्या नको वाटत असतील तर पेटीत ठेव, पण माझ्याकडे पाठवू नकोस.

तू येण्याची वाट पाहिली नाही. पाहिली असती तर मी पुन्हा घरी बसले असते.

गेल्या रविवारी सकाळी गेले. दार त्यानेच उघडलं. केस वाढलेत आता, तरी मी लगेच ओळखलं. त्यानेही. मी काही बोलायच्या आत त्याने आत वळून सांगितलं, “प्रेमा, ती बाई आली आहे.” प्रेमलता बाहेर आली, मला बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इथे लिहू शकत नाही. मला तिने गूळ दिला होता.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगितलं. पुरचुंडी डब्यात होती, तुमचा काही दोष नव्हता, मी ओरडले.

त्याने विचारलं, “डबा कधी उघडला?”

“गाडीत.”

“कळलं कधी?”

श्रीपाद, आता तुलाही सांगते. मी तुलाही खोटं लिहिलं होतं. शिपाई त्याला नेत होता तेव्हा मी डबा छातीशी आवळून धरला होता. धक्क्याने आत काही तरी हललं. शेव अशी हलत नाही. मला त्याच वेळी सगळं आठवलं. आणि माझी गाडी सुटत नव्हती, तिला तास होता. मी पुलावरून पलीकडे गेले, बाकावर बसले, डबा मांडीवर घेऊन. मला वाटलं, आता सांगितलं तर तेच लोक माझ्याकडे वळतील. चांगल्या घरची बाई, शाळेतली बाई, आणि हिने काय केलं बघा. तासभर बसले तिथे. चौकी समोर दिसत होती.

मी त्याला म्हणाले, “फलाटावरच कळलं होतं.”

त्याने उजवा हात पाठीमागे घेतला होता, मला दिसू नये असा. मग म्हणाला, “मला कशाला सांगता? मी चोर नाही हे मला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. आधी छापखान्यात चला, मग गल्लीत.”

छापखान्यात मी बोलले, मालकांनी ऐकलं. खिळ्यांचं काम आता जमणार नाही, पण संताजीला अक्षर न् अक्षर दिसतं, प्रुफं तपासायला ये म्हणाले. त्याच्याजवळ त्यांनी माफी मागितली नाही. मला मात्र खुर्ची दिली. मी बसले नाही.

मग गल्ली. नळाला पाणी आलं होतं, बायका, पुरुष, सगळे होते. संताजी एका बाजूला उभा राहिला. मी कोणाकडे बघावं ते कळेना, म्हणून नळाकडे बघत सांगितलं. “यांनी चोरी केली नाही. माझी वस्तू माझ्याजवळच होती. मला कळलं होतं तरी मी बोलले नाही.” एका बाईने बादली खाली ठेवून विचारलं, “आणि आत्ता येऊन सांगताय?” मी हो म्हणाले. दुसरी कोणी तरी म्हणाली, “अरे, ये तो स्कूलवाली बाईजी हैं.” आता ही बात शाळेतही जाईल. जाऊ दे. मुख्याध्यापिकाबाईंना मी सोमवारी स्वतःच सांगितलं, त्या अजून विचार करताहेत.

प्रेमलता दारातून पुढे आली नाही. क्षमा मी मागितली, कोणी दिली नाही. संताजी माझ्याजवळ आला तेव्हा वाटलं, आता बोलेल, ओरडेल. तो हळूच म्हणाला, “बाई, एवढंच तर बोलायचं होतं त्या दिवशी.”

आणि घरात गेला. मी थोडा वेळ तिथेच उभी होते. मग लोकांनी आपापली भांडी पुन्हा नळाला लावली, आणि मी बाजूला झाले.

ताई